डेबियनवर कोहा बसवताना अपाचे सुरूच होत नाही, तीनदा पुन्हा इन्स्टॉल केलं, मदत हवी

दाखलनोंद (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात आमचं 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. साडेनऊ हजारांच्या आसपास पुस्तकं, दाखल नोंदवहीचे सहा जाडजूड खंड आणि देवघेव अजून कार्डांवर. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन तास तिथे बसते. गावातल्याच एका मुलानं त्याचा जुना डेस्कटॉप वाचनालयाला दिला: आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई डिस्क. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि कोहा (ग्रंथालयाच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायचं ठरलं. आमच्या ग्रंथपाल काकांनी तीस वर्षं हातानं नोंदी केल्यात. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक अक्षर त्यांना त्रास देतं. त्यांच्यासाठी तरी हे मार्गी लागावं अशी फार इच्छा आहे.

फोनवर मराठी कळफलक आहे, म्हणून कमांडा आणि संदेश जसे वाचले तसे देवनागरीत लिहिते.

एक अडचण माझी मीच सोडवली, पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नव्हती, फक्त पेन ड्राइव्ह दिसायचा. ऑल्ट आणि एफ४ दाबून मागचे संदेश वाचले तेव्हा ही ओळ सापडली: 'फाउंड १ रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हायसेस. स्विच युवर बायोस फ्रॉम रेड टू एएचसीआय मोड टू यूज देम.' बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) तो बदल केला आणि डिस्क लगेच दिसली. आमच्या मशीनवरचं विंडोज पुसायचंच होतं. ज्यांना ते ठेवायचं असेल त्यांनी हा बदल नीट माहिती घेऊन करावा, नाहीतर विंडोज उघडायचं बंद होतं.

आता खरी अडचण. अपाचे (कोहाची पानं ब्राउझरला दाखवणारा वेब सर्व्हर) सुरू होत नाही. 'जॉब फॉर अपाचे२.सर्व्हिस फेल्ड' एवढंच म्हणतो. कुठेतरी काहीतरी बिघडलं असेल असं समजून मी अख्खं डेबियन पुसून पुन्हा बसवलं. एकदा नाही, तीनदा. तीन रविवार गेले. दर वेळी तिथेच येऊन अडतं. मशीनच खराब आहे का?

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:०५)

ताई, मशीन चांगलं आहे. खराब हार्डवेअर सहसा दर वेळी त्याच पायरीवर, त्याच संदेशानं थांबत नाही. ते कधी इथे अडतं, कधी तिथे. तुमचं बरोबर एकाच जागी अडतंय, म्हणजे तुमच्या पायऱ्यांमध्येच काहीतरी आहे. पुन्हा इन्स्टॉल केलंत की त्याच पायऱ्या पुन्हा होतात आणि चूकही जशीच्या तशी पुन्हा बसते. म्हणून आता चौथ्यांदा पुसू नका.

तुम्ही दिलेली ओळ ही फक्त 'झालं नाही' अशी वर्दी आहे. का झालं नाही ते खालच्या ओळींत असतं. या दोन कमांडा चालवा आणि आलेलं सगळं इथे लिहा:

जर्नलसीटीएल -यू अपाचे२ -बी
एसएस -टीएलएनपी

दोन्ही रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून चालवा. नाहीतर दुसऱ्या कमांडमध्ये कुठला प्रोग्रॅम आहे त्याचं नावच येत नाही.

दाखलनोंद (मंगळवार, संध्याकाळी ७:१५)

केलं. पहिलीत बरंच आहे, पण 'एरर' म्हणणाऱ्या ओळी या:

(९८) ॲड्रेस ऑलरेडी इन यूज: एएच०००७२: मेक_सॉक: कुड नॉट बाइंड टू ॲड्रेस [::]:८०
नो लिसनिंग सॉकेट्स अव्हेलेबल, शटिंग डाउन

दुसऱ्या कमांडमध्ये ८० च्या रांगेत 'इंजिनएक्स' असं नाव दिसतंय. हे कुठून आलं?

रात्रपाळी (मंगळवार, संध्याकाळी ७:३२)

मिळालं. देवघेवीच्या खिडकीवर एका वेळी एकच माणूस बसतो. ८० नंबरच्या खिडकीवर (पोर्टवर) इंजिनएक्स आधीच जाऊन बसलाय, म्हणून अपाचे 'जागा रिकामी नाही' म्हणून परत फिरतो. दोघंही वेब सर्व्हरच आहेत. कोहाला अपाचे लागतो, इंजिनएक्स लागत नाही.

कुठून आला हे तुम्हालाच ठाऊक असेल. तुम्ही ज्या लिखाणावरून पायऱ्या करताय त्यात सुरुवातीला 'वेब सर्व्हर बसवा' असं काही आहे का?

दाखलनोंद (मंगळवार, संध्याकाळी ७:५०)

आहे! मी दोन ठिकाणची माहिती एकाच वहीत उतरवून घेतली होती. पहिली दोन पानं 'डेबियनवर सर्व्हर कसा उभारावा' याची, त्यात इंजिनएक्स. पुढची पानं कोहाची, त्यात अपाचे. तिन्ही वेळा मी वही समोर ठेवून एकही पायरी न गाळता सगळं केलं.

रात्रपाळी (मंगळवार, संध्याकाळी ८:०२)

तुमची शिस्त उत्तम आहे, फक्त वहीतली ती दोन पानं काढून टाका. आता एवढंच करा:

सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ इंजिनएक्स
एपीटी पर्ज इंजिनएक्स
सिस्टिमसीटीएल स्टार्ट अपाचे२

नुसतं 'स्टॉप' केलंत तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तो परत खिडकीवर येऊन बसेल, म्हणून 'डिसेबल'.

दाखलनोंद (मंगळवार, रात्री ८:२०)

अपाचे चालू झाला!! ब्राउझरमध्ये डेबियनचं पान आलं. तीन रविवारांचं काम वीस मिनिटांत झालं. मनापासून आभार.

पुढच्या पायरीला, अपाचेचं मॉड्यूल चालू करताना, 'ए२एनमॉड: कमांड नॉट फाउंड' येतंय. सुडो (रूटच्या अधिकारानं कमांड चालवायची सोय) केलं तर 'सुडो: कमांड नॉट फाउंड'. आता अपाचेच नाही असं म्हणतोय की काय?

कपाट_सात (मंगळवार, रात्री ९:१०)

ताई, मी विदर्भातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आमच्याकडे कोहा बरीच वर्षं चालतंय. हा प्रश्न डेबियनवर नव्यानं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो.

इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड विचारला होता. तुम्ही तो दिलात. दिला की डेबियन सुडो बसवत नाही. रिकामा सोडला असता तर सुडो बसलं असतं आणि तुमचं नावही त्या गटात गेलं असतं. दोन्ही रीती बरोबर आहेत, फक्त कुठली निवडली ते लक्षात हवं.

दुसरं, तुम्ही रूट व्हायला नुसतं 'एसयू' म्हणताय, हो ना? त्याऐवजी 'एसयू -' म्हणा. शेवटच्या आडव्या रेघेशिवाय तुमच्या साध्या खात्याचेच रस्ते चालू राहतात, आणि एसबिन फोल्डरमधल्या कमांडा त्या रस्त्यावर नाहीत. ए२एनमॉड तिथेच आहे. रेघ टाकलीत की सापडेल.

मग: एपीटी इन्स्टॉल सुडो, त्यानंतर ॲडयूजर, तुमचं नाव, सुडो. लॉगआउट करून परत आत या, त्याशिवाय गट लागू होत नाही.

कोहाच्या पुढच्या पायऱ्याही सांगून ठेवते, म्हणजे उद्या थांबावं लागणार नाही. कोहा-क्रिएट (आपल्या वाचनालयासाठी कोहाची प्रत, म्हणजे इन्स्टन्स, तयार करणारी कमांड) चालवलंत की तो 'एमपीएम_आयटीके हवं' म्हणून थांबेल. तेव्हा ए२डिसमॉड एमपीएम_इव्हेंट, ए२एनमॉड एमपीएम_आयटीके, आणि सोबत रीराइट व सीजीआय ही मॉड्यूलं चालू करा. मग पोर्ट्स.कॉन्फ फाइलमध्ये 'लिसन ८०८०' ही एक ओळ वाढवा. वाचकांचं पान ८० वर असतं आणि कर्मचाऱ्यांचं ८०८० वर. ही ओळ राहिली तर वाचकांचं पान दिसतं आणि आपलं दिसत नाही. पहिल्या दिवशी मी याच ओळीसाठी संध्याकाळपर्यंत बसले होते. अपाचेचं मूळ पान जात नसेल तर ए२डिससाइट ०००-डिफॉल्ट. शेवटी कोहा-पासवर्ड आणि इन्स्टन्सचं नाव दिलं की लॉगिनचा पासवर्ड दिसतो. कमांडमधलं नाव 'कोहा-पासडब्ल्यूडी' असं आहे.

नवखा_लिनक्स (मंगळवार, रात्री ९:४५)

धाग्यात मध्येच विचारतो, माफ करा. मीही शाळेतल्या जुन्या मशीनवर डेबियन टाकतोय. एपीटी अपडेट केलं की 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' म्हणतो, आणि ब्राउझरमध्ये प्रत्येक साइट असुरक्षित दाखवतो. नेट चालू आहे. मिरर (पॅकेजं जिथून उतरतात तो सर्व्हर) बदलून पाहिला.

रात्रपाळी (मंगळवार, रात्री ९:५२)

'डेट' एवढीच कमांड द्या. कुठलं साल दाखवतं?

नवखा_लिनक्स (मंगळवार, रात्री ९:५८)

२०१८.

रात्रपाळी (मंगळवार, रात्री १०:०१)

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. गोल नाण्यासारखा असतो, नंबर बहुतेक सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो. मशीनच्या हिशोबानं आज २०१८ आहे, मग आत्ताची फाइल त्याला भविष्यातली वाटणारच. तोवर तारीख हातानं बरोबर करा आणि पुढे जा.

दाखलनोंद (गुरुवार, रात्री ८:३०)

कपाट_सात ताई, तुम्ही सांगितलं त्याच क्रमानं सगळं झालं. 'लिसन ८०८०' वहीत लाल पेनानं लिहिलं. कोहा उघडलं. काकांनी शाई-कागदाच्या पद्धतीनं एकेक रकाना विचारत पाच पुस्तकं भरली. मी एक्सेलमधून चारशे नोंदी आत घेतल्या. आधी सगळी प्रश्नचिन्हं आली, मग फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवून पुन्हा घेतली तेव्हा मराठी नीट आलं.

आता शोध. 'पाणी' शोधलं की पाण्यावरची पुस्तकं बरोबर येतात. 'पुणे' शोधलं की पुण्याच्या पुस्तकांसोबत ज्यांच्या नावात 'पण' हा शब्द आहे तीही येतात. 'केळी लागवड' शोधायला 'केळी' टाकलं तर 'कळी' असलेली सगळी बालगीतं आली. आधी शोधच लागत नव्हता, म्हणून नेटवर कुणीतरी दिलेली 'वर्ड्स-आयसीयू' नावाची (शोधासाठी शब्द कसे घ्यायचे ते सांगणारी) तयार फाइल मी आमच्या फाइलच्या जागी टाकली होती. तेव्हापासून हे सुरू झालं. काका म्हणाले, 'यंत्राला मात्रा दिसत नाहीत गं.'

अक्षरओळख (गुरुवार, रात्री १०:२०)

काकांनी नेमकं निदान केलंय, त्यांना माझा नमस्कार सांगा. यंत्राला खरोखरच मात्रा दिसत नाहीत, आणि त्यातही सगळ्या नाही, ठरावीकच. ती तयार फाइल उघडून त्यात या अर्थाची ओळ आहे का पाहा: 'एनएफडी, नॉनस्पेसिंग मार्क रिमूव्ह, एनएफसी'.

दाखलनोंद (गुरुवार, रात्री १०:३१)

आहे. अगदी हेच शब्द.

अक्षरओळख (गुरुवार, रात्री ११:१०)

मग थोडं सविस्तर लिहितो, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं.

ही ओळ युरोपीय भाषांसाठी लिहिलेली आहे. फ्रेंचमध्ये अक्षराच्या डोक्यावर छोट्या खुणा असतात. वाचकानं खुणेशिवाय टाइप केलं तरी पुस्तक सापडावं, म्हणून आधी अक्षर आणि खूण वेगळी करायची, खूण टाकून द्यायची आणि उरलेलं जोडायचं. त्यांच्यासाठी ती सोय चांगली आहे.

युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत) आपल्या मात्रांचे दोन गट आहेत. काना, पहिली आणि दुसरी वेलांटी, ओ आणि औ च्या मात्रा आणि विसर्ग ओळीत स्वतःची जागा घेतात. उकार दोन्ही, ऋकार, ए आणि ऐ च्या मात्रा, ॲ चा चंद्र, अनुस्वार, चंद्रबिंदू, नुक्ता आणि पाय मोडायची खूण ही अक्षराच्या वर किंवा खाली बसतात, त्यांना वेगळी जागा लागत नाही. त्या ओळीनं हा दुसरा गट पूर्ण पुसला.

आता तुमचे शब्द त्यातून काढून पाहा. 'पाणी' मध्ये काना आणि वेलांटी, दोन्ही पहिल्या गटातले, म्हणून शब्द शाबूत. 'पुणे' मधला उकार गेला, मात्रा गेली, उरलं 'पण'. 'केळी' ची मात्रा गेली, 'कळी' झाली. 'शेती' ची 'शती'. 'ग्रंथ' चा पाय मोडलेला 'ग' सरळ झाला, अनुस्वार गेला, उरला 'गरथ'. शोधणाऱ्याचा शब्दही त्याच चाळणीतून जातो, म्हणून 'ग्रंथ' शोधला तर सापडतो आणि बिघाड लक्षात येत नाही. 'पुणे' सारखा शब्द आला की मगच उघड होतं. 'ऱ' सुद्धा यात 'र' होतो, कारण युनिकोडच्या लेखी तो र आणि नुक्ता असा फोडता येतो.

मराठीत मात्रा ही अक्षरावरची सजावट नव्हे. 'कुळ' आणि 'काळ' हे वेगळे शब्द आहेत, तसेच 'कुळ' आणि 'कळ' हेही. ती ओळ पूर्ण काढून टाका. 'फ्रेजेस-आयसीयू' नावाची जोडफाइलही तपासा. डिफॉल्ट.आयडीएक्स मध्ये आयसीयूचीच साखळी (म्हणजे याच फायलींतले नियम) लावलेली आहे ना, तेही पाहा. मग झेब्रा (कोहाचा शोध चालवणारा भाग) रीस्टार्ट करून:

कोहा-रीबिल्ड-झेब्रा -व्ही -एफ, पुढे इन्स्टन्सचं नाव

जुनी अनुक्रमणिका त्या चाळणीतून गेलेलीच राहते, म्हणून पुन्हा बांधणं आवश्यक आहे. पुढे कधी कोहा अपडेट करताना 'ही फाइल तुम्ही बदलली आहे, तुमची ठेवू की नवी टाकू' असं विचारलं तर तुमची ठेवा.

आणखी एक. 'तऱ्हा', 'दऱ्या' यांतला ऱ्य/ऱ्ह दोन पद्धतींनी टाइप होतो: एकतर 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा 'र' चा पाय मोडून मध्ये न दिसणारी जोडखूण टाकायची. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकाला मात्र वेगळे शब्द वाटतात. काका आणि तुम्ही आजच एक पद्धत ठरवा आणि सगळ्या नोंदी तशाच करा. साडेनऊ हजार नोंदी झाल्यावर दुरुस्त करणं फार जिवावर येतं.

कपाट_सात (शुक्रवार, सकाळी ७:४०)

हे मी छापून आमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवतेय. आमच्याकडे 'ऱ्या' च्या दोन्ही पद्धतींच्या नोंदी आहेत, आणि काही पुस्तकं 'नाहीत' म्हणून आम्ही वाचकांना परत पाठवलंय.

दाखलनोंद (शनिवार, रात्री ९:००)

ओळ काढली, पुन्हा बांधलं. 'पुणे' टाकलं, पुणेच आलं. काकांनी स्वतः 'कुळ', 'कळ', 'काळ' असं एकेक टाकून पाहिलं आणि चष्मा काढून हसले.

पण आज दुपारी तासभर वीज गेली. परत आली तेव्हा सर्व्हर बंदच राहिला. बटण दाबून सुरू केला तर बाजूच्या टेबलावरच्या मशीनवर कोहा उघडेना. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.७ होता, तो १९२.१६८.१.४ झालाय.

कपाट_सात (शनिवार, रात्री ९:३५)

राउटर मोकळा असेल तो पत्ता देतो, दर वेळी तोच मिळेल असं नाही. राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशन असा भाग असतो. तिथे सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता टाकून ७ नंबर कायमचा राखून ठेवा. सर्व्हरवरच्या फायलींना हात लावण्यापेक्षा हे सोपं, आणि उद्या राउटर बदलला तर कुठे बघायचं ते काकांनाही सांगता येतं.

वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायला बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' सारखा पर्याय असतो, तो चालू करा.

मात्र यूपीएस नक्की घ्या, छोटा चालेल. अचानक वीज गेली तर मारियाडीबी (कोहाच्या नोंदी साठवणारा डेटाबेस) बहुतेक वेळा स्वतःला सावरून घेते, पण डिस्क दर वेळी साथ देईल असं नाही. कोहा रोज स्वतःच बॅकअप घेतं, व्हार मधल्या स्पूल फोल्डरात कोहा नावाखाली पाहा. पण ते त्याच डिस्कवर असतं आणि थोडेच दिवस राहतं. दर शनिवारी ते पेन ड्राइव्हवर घ्या आणि पेन ड्राइव्ह वाचनालयात ठेवू नका, घरी न्या. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर उघडून खरंच परत आणता येतो का ते करून पाहा. आमचा एक वर्षाचा बॅकअप रिकामा निघाला होता. रोज फाइल तयार होत होती, आत काही नव्हतं.

मशीन रात्री बंद करत असाल तर बॅकअप राहून जाऊ शकतो, हेही लक्षात घ्या. वाचनालय उघडं असतानाच हातानं 'कोहा-डंप' चालवत जा.

दाखलनोंद (रविवार, दुपारी १२:२०)

आम्ही रोज रात्री आठला मेन स्विचच बंद करतो! बरं झालं सांगितलंत. कोहा-डंप वहीत लिहिलं, काकांनी त्याला 'दिवस बंद करताना' असं शीर्षक दिलं. पत्ता राखला, बायोसचा पर्याय सापडला, मुद्दाम स्विच बंद-चालू करून पाहिला, मशीन आपोआप उठलं. यूपीएसचा विषय पुढच्या कार्यकारिणीत घेऊ.

आज सकाळी पहिली देवघेव संगणकावर झाली. पाचवीतला मुलगा आला होता, 'माझं कार्ड कुठंय' म्हणून विचारत होता. काकांनी पडदा त्याच्याकडे वळवून त्याचं नाव दाखवलं.

अक्षरओळख, एक शेवटचं. दाखल क्रमांक १ ते १४०० ची यादी पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी संगणकावर टंकली आहे, पण ती जुन्या फॉन्टमधली आहे. तो फॉन्ट नसला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. ती कोहात घेता येईल का, की पुन्हा टंकायची?

अक्षरओळख (रविवार, दुपारी १:०५)

पुन्हा टंकू नका. फॉन्टचं नाव कळलं की त्याच्या तक्त्यावरून युनिकोडमध्ये बदलता येतं. अशा फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो. रूपांतरात गडबड होते ती याच दोन ठिकाणी, म्हणून ती जागा डोळ्यांनी तपासावी लागते. आधी शंभर ओळी पाठवा, वेलांट्या आणि रफार भरपूर असलेल्या. त्या बरोबर उतरल्या तर उरलेल्या तेराशे एका दमात करू.

दाखलनोंद (रविवार, दुपारी १:१८)

काका निवडून देतायत. 'धर्म', 'तर्क', 'शिवार' असलेल्या ओळींवर पेन्सिलनं खुणा करत बसलेत. संध्याकाळपर्यंत शंभर ओळी पाठवते.